तिसऱ्या बावट्याची सोबत

जानेवारी लागला की बेटावरच्या आमच्या त्रियोले गावातली माणसं बोलता बोलता मधेच गप्प होतात आणि वर बघतात. वर काही नसतं. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, आणि हवा अशी पडलेली की उसाचं एक पातं हलत नाही. कुणीतरी सहज म्हणतं, "आज फारच शांत आहे," आणि तेवढ्यावर मी आत जाऊन खिडक्यांच्या फळ्या मोजून येते. मी पस्तिशीची बाई आहे, शाळेत मराठी शिकवते, पोरांनी भरलेला वर्ग एका नजरेनं गप्प करते. पण या दोन महिन्यांत शेजारचा रेडिओ जरा मोठ्यानं लागला तरी हातातलं भांडं खाली ठेवते.

सिक्लोनचे हे दिवस. समुद्रात कुठंतरी वादळ धरतं, आणि ते आपल्याकडे वळतंय की नाही याची वाट बघण्यात सगळं बेट दिवस काढतं. पोलीसचौकीवर लाल बावटा चढतो. एक बावटा म्हणजे नुसतं सावध राहा. दोन म्हणजे शाळा बंद, चिनी वाण्याच्या दुकानात पावासाठी, मेणबत्त्यांसाठी झुंबड. तीन बावटे लागले की बस बंद, रस्ता बंद, जो जिथं असेल तिथं आत. मग आम्ही खिडक्यांवर फळ्या ठोकतो, बादल्या भरून ठेवतो, आणि सार्डिनचे डबे मोजून मोजून पुन्हा फळीवर लावतो, जसं काही मोजल्यानं ते वाढणार आहेत.

लहानपणी, म्हणजे सत्तर सालाच्या सुमारास, आम्ही प्लेन दे पपायला राहत होतो. आमच्या गल्लीत पत्र्याची घरं जास्त. स्लॅबचं घर एकच, आमचं. दोनच खोल्या, पण बाबांनी स्वतः सिमेंट कालवून बांधलेल्या. तिसरा बावटा लागला की गल्लीतली चार बिऱ्हाडं आमच्याकडे यायची. यावं का, असं कुणी विचारत नसे आणि या, असं कुणी म्हणत नसे. कुणी पाव आणायचं, कुणी कंदील, कुणी उकडलेल्या फणसाचं पातेलं. आईचा एक रिवाज होता. सगळे आत आले की ती दाराला आडणा घालायची आणि दाराला पाठ लावून खाली बसायची, ती शेवटपर्यंत. बहुतेक घरांत असं कुणीतरी एक बसायचंच. वारा दार उघडेल म्हणून नव्हे, ते काम आडणा करतो. आतलं पोर बाहेर पळेल म्हणून.

माझ्या आईनं सारा जन्म असाच दाराला पाठ लावून काढला असं मला आता वाटतं. मी आमच्या घरातली कॉलेजात, म्हणजे आमच्याकडे सहावीनंतरच्या शाळेत, गेलेली पहिली मुलगी. सकाळच्या बसनं पोर्ट लुईला जायचे, निळा गणवेश, छातीशी धरलेली पुस्तकं. आईला शिक्षणाची भीती नव्हती, संगतीची होती. मी कुणाशेजारी बसते, कुणाबरोबर चालते, कोण हाक मारतं, याची तिला रोज झडती द्यावी लागे. तिची परीक्षा सोपी होती. जी मुलगी शनिवारी मराठीच्या वर्गाला येते, गणपतीत झाकरीच्या रिंगणात बायांबरोबर नाचते आणि मोठ्यानं हसत नाही, ती चांगली. बाकीच्यांपासून जपून राहायचं.

जोझियान मोठ्यानं हसायची. कुठं हसतेय ते तीन घरं पलीकडून कळायचं. उसाच्या कडेला तिचं पत्र्याचं घर. आई लोकांचे कपडे धुवायची, भाऊ रवानचा डफ वाजवायचा. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर होतो. सहावीनंतर तिची शाळा सुटली आणि ती ग्रां बेच्या एका बंगल्यात इस्त्रीला जाऊ लागली. पण संध्याकाळी आमच्या कुंपणापाशी येऊन उभी राहायची, आणि गणपतीत बाहेरून बघून बघून झाकरीची गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ झाली होती. मराठी शब्द, आणि जीभ क्रेओल, बेटावरच्या बोलीची. बाया गालात हसायच्या. आई मात्र मला आत ओढून म्हणायची, "तिच्यासंगं नको उभी राहू गो बाय. ती तुला कदी वढून न्हेल, तुला समजायचंबी नाय."

मला आईचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. वाईट संगत ठरलेली मुलगी आपली मैत्रीण आहे यात एक ऐट होती. आईच्या डोळ्यांसमोर मी चांगली, तिच्या पाठीमागे जोझियानची. दोन्हीकडचं सुख मला हवं होतं.

आता इतक्या वर्षांनी मी दरवर्षी सहावीच्या पोरांना निबंध घालते: चांगली संगत. पोरं पाठ केलेली तीच उदाहरणं त्याच क्रमानं लिहितात आणि मी लाल पेननं काना-मात्रा सुधारते. मजकुराला कधी हात लावत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मिस, आपण कुणाची वाईट संगत आहोत का, हे कसं कळतं?" मी म्हटलं, विषयाला धरून लिही.

तर यंदाची गोष्ट. माझी वनिता तेरा वर्षांची आहे आणि सहा महिन्यांपासून तिच्या तोंडी एकच नाव आहे, शर्ली. शर्ली सोळाची. दोन वर्षांपूर्वी कॉलेज सोडून ती स्वेटरच्या कारखान्यात लागली. आपल्याकडे कुणी घालत नाही असे लोकरीचे जाड स्वेटर दिवसभर शिवते. कारखान्याची बस पहाटे मुली गोळा करत जाते, आणि या गावातल्या किती चांगल्या मुली त्या बसमध्ये चढल्या आणि पुस्तकांकडे पुन्हा वळल्या नाहीत ते मी शाळेच्या फाटकातून बघत आले आहे. शर्लीच्या कानात मोठ्या रिंगा असतात. नखांना रंग असतो. आणि ती हसते ती, काय सांगू, तीन घरं पलीकडून कळतं.

मी वनिताची झडती घेऊ लागले. कुठं गेली होतीस, काय बोललात, ती कारखान्याचं काही सांगते का? वनिता म्हणाली, "मामां, तू आजीसारखी करायला लागलीस." मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

त्या शुक्रवारी सकाळी एकच बावटा होता; शाळांना सुट्टी, आणि शर्लीच्या कारखान्यालाही. वनिता म्हणाली, शर्लीकडे राहिलेली वही आणते आणि जेवायच्या आत परत येते. त्रियोले हे लांबच लांब पसरलेलं गाव; आमचं घर या टोकाला आणि शर्लीचं पार त्या टोकाला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आदल्याच दिवशी आमचं वाजलं होतं, म्हणून नुसती मान हलवली. अकराला दुसरा बावटा लागला. दोनच्या आत तिसरा. शेवटची बस आली तिच्यातून वनिता उतरली नाही. कंडक्टर म्हणाला, "मिस, तुमची पोर दुसऱ्या टोकाला उतरली सकाळी. तिथंच असेल. आता ही बस डेपोला." माझे यजमान सायकल काढायला निघाले तर वाऱ्यानं सायकलसकट भिंतीवर आले. ते म्हणाले, "जिथं आहे तिथं बरी आहे. घर स्लॅबचं आहे त्यांचं." मी आडणा घातला आणि दाराला पाठ लावून बसले. आत थांबवायला कुणी नव्हतं, तरी बसले.

मला वाऱ्याची भीती नव्हती. मला भीती होती ती वारा थांबण्याची.

ज्यांनी सिक्लोन पाहिलेलं नाही त्यांना हे सांगावं लागतं. वादळाला डोळा असतो. तो बरोबर आपल्या डोक्यावरून गेला तर मधेच सगळं थांबतं. वारा नाही, पाऊस नाही, कधी कधी ऊनसुद्धा पडतं. पाव तास, अर्धा तास, तासभर, काही नेम नाही. आणि मग वारा परत येतो तो उलट्या बाजूनं, आधीपेक्षा जोरात, आणि पहिल्या वाऱ्यानं सैल केलेलं सगळं उचलून फेकतो. रेडिओ घसा फोडून सांगतो, डोळ्यात बाहेर पडू नका. आणि दर वेळी कुणी ना कुणी पडतंच.

प्लेन दे पपायला, मी कॉलेजात असताना, एका वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला डोळा आला. आमच्या दोन खोल्यांत बावीस माणसं. जोझियानचं सगळं घर भिंतीशी दाटीवाटीनं बसलेलं. एरवी जिला कुंपणाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, तिला आईनं आपल्या हातानं पाव आणि सार्डिन वाढलं होतं. तिसऱ्या बावट्याला कोण कुणाचं ते बघायचं नाही, एवढी माणुसकी आमच्या गल्लीत होती. पावसाचा आवाज एकाएकी बंद झाला. कान दुखायला लागतील अशी शांतता. आईचे पाय आखडले होते. सगळ्यांना चहा टाकते म्हणून ती दारापासून उठली.

आमच्या घरापासून शंभर पावलांवर मेझों रूज जातीच्या आंब्याचं झाड होतं. फळीच्या फटीतून मला ते दिसत होतं, आणि त्याच्याखालची जमीन लाल-पिवळी झालेली दिसत होती. मी जोझियानच्या कानात म्हटलं, "चल."

तिनं माझं मनगट धरलं. "तो फोल? वेडी झालीस का? पा सोर्ती. बाहेर नको."

मी म्हटलं, "घाबरट." मनगट सोडवलं, आडणा काढला आणि पळाले.

ती माझ्यामागे आली ती आंब्यांसाठी नाही. पळता पळता ती मला परत बोलावत होती, माझ्या नावानं, हसण्याचा मागमूस नसलेल्या आवाजात. मी फ्रॉकच्या ओच्यात आठ-दहा आंबे भरले. ते हातात किती गार लागले होते ते मला अजून आठवतं. मग उसातून एक आवाज आला, लांबून ट्रक यावा तसा. जोझियाननं मला पाठीत जोरात ढकललं, आमच्या दाराच्या दिशेनं. मी पडत-धडपडत आत पोचले. ती पोचली नाही. वाऱ्यानं उडवून आणलेला पत्रा तिच्याच घराच्या छपराचा होता. तो तिच्या घोट्यावर बसला. बाबांनी आणि तिच्या भावानं तिला कसं आत ओढलं ते मी बघितलं नाही. मी आंबे कुठं लपवू ते शोधत होते.

हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली.

आईनं चहाचं पातेलं तसंच टाकलं आणि आमच्या दोघींसमोर उभी राहिली. "कोणी काढला आडणा? कोन म्हनलं, भायेर चला म्हनून?" खोलीत बावीस माणसं. जोझियानचा पाय तिच्या आईच्या मांडीवर, चादर लाल होत चाललेली. मी आईकडे बघितलं. मला दिसत होतं, हे कळलं तर उद्यापासून कॉलेज बंद. जोझियानलाही ते दिसलं असावं.

"मोमेम ती दिर," ती म्हणाली. मीच म्हटलं. आणि आईला क्रेओल कळतं हे माहीत असूनही तिनं ते पुन्हा आमच्या मराठीत सांगितलं, "मीच म्हटलं, काकी."

आई मान हलवत म्हणाली, "मला म्हाईतच व्हतं." जोझियानच्या आईनं त्या जखमी पोरीच्या तोंडात मारली. मग हातांनी तोंड झाकून माझ्या आईची माफी मागितली. मी खाली बघत अंगठ्याच्या नखानं दुसऱ्या हाताचं नख खरवडत होते. माझी ती सवय आहे.

घोटा सांधला तो वाकडाच. ती बंगल्यावरची इस्त्री सुटली, कारण दिवसभर उभं राहणं जमेना. वर्षभरात ते सगळे कुठंतरी पोर्ट लुईकडे निघून गेले. मी परीक्षा पास झाले, शिक्षिका झाले. आई गल्लीत सांगत राहिली की वेळेवर त्या संगतीतून सोडवली म्हणून माझी पोर शिकली. मी ऐकत राहिले. आई गेली तेव्हासुद्धा तिला सांगितलं नाही.

यंदा, शनिवारी सकाळी आठला वारा थांबला. मी दाराशी बसल्या बसल्या डुलकी घेत होते, ती शांततेनं जागी झाले. फटीतून ऊन आत आलं होतं. यजमान म्हणाले, "डोळा." मी उठून उभी राहिले आणि त्यांनी माझा हात धरला. मला जाऊन त्या पोरीचं बखोट धरायचं होतं. मला डोळ्यांसमोर रिंगा दिसत होत्या, रंगवलेली नखं दिसत होती, आणि त्या नखांच्या हातानं वनिताला बाहेर ओढलेलं दिसत होतं. शर्लीला मी मनातल्या मनात जे बोलले ते माझ्या आईनंही कधी जोझियानला म्हटलं नव्हतं. वीस मिनिटांनी वारा परत आला. त्या वीस मिनिटांत त्रियोलेच्या दुसऱ्या टोकाला काय झालं हे कळायला मला अख्खा दिवस आणि अख्खी रात्र थांबायचं होतं.

जोझियान मला नंतर एकदाच भेटली. वनिता पोटात होती, सातवा महिना. पोर्ट लुईच्या बसस्टँडवर गर्दीतून कुणीतरी लंगडत आलं आणि ते हसणं ऐकू आलं. तिनं सरळ माझ्या पोटावर हात ठेवला. "कधी?" म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी झाली तर दाराला मोठं कुलूप घे. तुझ्यावर गेली तर?" आणि पुन्हा हसली, मनापासून. मला तेव्हाच बोलता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण माझी बस लागली आणि मी म्हटलं, येते हं.

रविवारी सकाळी पोलीसचौकीवर निळा बावटा चढला. संपलं. मी चपला घातल्या आणि चालत निघाले. रस्ताभर आडवी झाडं, विजेच्या तारा, चिखलात रुतलेले पत्रे. ऊस सगळा एकाच दिशेनं झोपलेला. लोक कोयत्यांनी फांद्या तोडत होते आणि "मिस, घर ठीक?" असं विचारत होते. मी नुसती मान हलवत होते. पुढच्या वळणावर कुणीतरी येऊन काही सांगेल या भीतीनं मला कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

वनिता शर्लीच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी उंबऱ्यातच बसले. शर्लीच्या आईनं मला धरून आत नेलं, खुर्ची दिली. बाई माझ्याच वयाची. दोन रात्री तीही झोपली नव्हती हे डोळ्यांवरून कळत होतं.

"मिस, तुम्हाला सांगून टाकते," ती क्रेओलमध्ये म्हणाली. "लपवणार नाही. काल डोळ्यात या दोघी बाहेर गेल्या. मी बाळाला झोपवत होते. परत आल्या, काही झालं नाही, देवाची कृपा. पण माझा जीव गेला होता. परक्याची पोर माझ्या घरात, तिला काही झालं असतं तर? मी विचारलं, कोण म्हणालं बाहेर चला? तर ही म्हणते, मोमेम ती दिर. दिली एक ठेवून."

शर्ली चुलीपाशी उभी होती. रिंगा काढून ठेवलेल्या. डाव्या गालावर अजून थोडी सूज होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती वनिताकडेही बघत नव्हती.

मी वनिताकडे बघितलं. तिची मान खाली होती आणि ती अंगठ्याच्या नखानं दुसऱ्या हाताचं नख खरवडत होती.

मला ते नख ओळखायला वेळ लागला नाही. रस्ताभर मी जे जे बोलायचं म्हणून जुळवून आणलं होतं, ते सगळं मी तिथंच टाकून दिलं. भीती गेली नव्हती. फक्त ती आता या परक्या पोरीबद्दल उरली नव्हती. ती माझ्याच घरातून चालत आली होती, माझ्याच हाताला धरून.

आणि मग त्या अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात मी ते सगळं सांगितलं. आंबे, आडणा, पत्रा, बावीस माणसं. क्रेओलमध्ये सांगितलं, म्हणजे तिघींनाही कळावं. जोझियानचं नाव माझ्या तोंडून इतक्या वर्षांत मोठ्यानं निघालं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आईनं विचारलं, कोण म्हणालं, तेव्हा मी गप्प बसले. मीच म्हटलं होतं. मोमेम ती दिर." हे वाक्य इतकं लहान आहे. मुळात ते माझं होतं, आणि ते मी दुसरीच्या तोंडी ठेवून निघून आले होते.

वनितानं ग्लास खाली ठेवला. बाहेर कुणीतरी फळ्यांचे खिळे उपटत होतं. मग ती शर्लीच्या आईकडे बघून म्हणाली, "मी म्हटलं होतं. शर्ली नको म्हणत होती. ती मला परत आणायला आली." आणि रडायला लागली.

शर्लीची आई उठली. लेकीच्या सुजलेल्या गालावर तिनं हात ठेवला आणि तसाच ठेवला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती, आणि ती विचारल्याशिवाय गेले असते तर पुन्हा तीच बस पकडल्यासारखं झालं असतं.

"वनिताला," मी म्हटलं, "इथं पुन्हा येऊ द्याल का?"

तिनं लगेच हो म्हटलं नाही. तिनं माझ्या पोरीला नीट न्याहाळलं, वरपासून खालपर्यंत, जसं मी सहा महिने तिच्या पोरीला न्याहाळत आले होते. ते मला सोसवत नव्हतं आणि सोसणं भाग होतं. मग ती शर्लीकडे वळली. "तू सांग."

शर्लीनं रिंगा फळीवरून उचलल्या, एक कानात घातली, मग दुसरी.

"लेस ली विनी," ती म्हणाली. येऊ दे तिला. "पण तिसरा बावटा लागला की दाराशी मी बसणार."